वाचकांचे प्रश्न : माइकसमोरचा निवेदक आणि भिंतीवरचं घड्याळ

अमेरिकेतल्या रेडिओ नेटवर्कांच्या भरभराटीचा काळ साधारण १९२६ ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. त्या वेळची ध्वनिमुद्रणं आता घरबसल्या ऐकता येतात, त्यामुळे त्यातल्या निवेदकांबद्दल बरेच प्रश्न येऊन पडले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : त्या काळी निवेदक व्हायला काय लागायचं? नुसता भारदस्त आवाज पुरत होता का?

सुरुवातीला आवाजापेक्षा गळ्याची तालीम जास्त उपयोगी पडली. पहिल्या पिढीतले बरेच निवेदक मूळचे गायक होते. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रात आलेला ग्रॅहम मॅकनॅमी बॅरिटोन म्हणजे मध्यम पट्टीत गायचा, तर मिल्टन क्रॉस टेनर म्हणजे उंच पट्टीचा गायक होता. गायकाला श्वास कुठे घ्यायचा ते ठाऊक असतं, लांब वाक्य शेवटपर्यंत त्याच जोरात नेता येतं. शिवाय ठरलेला कलाकार वेळेवर आला नाही, तर निवेदकानेच दोन गाणी म्हणून वेळ भरून काढायची, अशीही सोय व्हायची.

नेटवर्कं आली तशी परीक्षा कडक झाली. उमेदवाराला तीन गोष्टी करून दाखवाव्या लागत : जाहिरात वाचणं, बातमी वाचणं आणि परदेशी संगीतकारांच्या नावांनी भरलेली कार्यक्रमपत्रिका न अडखळता वाचणं. या तिसऱ्या कसोटीत सर्वांत जास्त लोक गळत. रिम्स्की-कोर्साकोव्ह किंवा द्व्होर्जाक समोर आल्यावर जो आधी थबकतो आणि मग घाईने नाव उरकतो, त्याच्या हाती संध्याकाळची सिंफनी देत नसत. त्यानंतर कागद काढून घेऊन ‘या खोलीचं वर्णन करा’ असं सांगायचे. इथे सुंदर बोलण्यापेक्षा न थांबता, व्याकरण न सोडता बोलणं महत्त्वाचं होतं.

उच्चारांना किती वजन होतं ते दोन गोष्टींवरून कळेल. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड लेटर्सने १९२९ मध्ये रेडिओवरील शुद्ध उच्चारांसाठी सुवर्णपदक सुरू केलं आणि ते पहिल्यांदा मिल्टन क्रॉसला दिलं. पुढे १९४३ मध्ये एनबीसी या नेटवर्कने चक्क स्वतःचा उच्चारकोश छापला.

प्रश्न : सुरुवातीचे निवेदक स्वतःचं नाव न सांगता नुसती आद्याक्षरं सांगत, असं वाचलं. खरं आहे का?

हो. डब्ल्यूजेझेड केंद्राचा टॉमी कोवन स्वतःला ‘एसीएन’ म्हणवून घ्यायचा : अनाउन्सर, कोवन, नेवार्क. निवेदकाचं नाव लोकांच्या तोंडी बसलं, की तो पगारवाढ मागणार, ही केंद्रांची धास्ती. ती काही खोटी नव्हती. १९२५ मध्ये लोकप्रिय निवेदकाच्या निवडणुकीत श्रोत्यांनी मॅकनॅमीला एवढी मतं दिली, की आद्याक्षरांच्या आड त्याला लपवणं कोणाला शक्यच नव्हतं.

प्रश्न : एनबीसीच्या कार्यक्रमांच्या शेवटी वाजणारे ते तीन सूर कशासाठी? आणि कार्यक्रम नेमका अर्ध्या तासाला का संपत नाही?

दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि निवेदकाचा अर्धा धंदा त्यातच आला.

नेटवर्क म्हणजे देशभरातली केंद्रं टेलिफोन कंपनीच्या भाड्याच्या तारांनी जोडलेली. दर अर्ध्या तासाने केंद्रं वेगळ्या गटांत जोडायची असत, आणि प्रत्येक केंद्राला आपलं नाव सांगायला थोडा वेळ हवा असे. म्हणून आठला सुरू झालेला कार्यक्रम ८ वाजून २९ मिनिटं ३० सेकंदांनी संपायचा. उरलेल्या अर्ध्या मिनिटात स्थानिक निवेदक केंद्राचं नाव घेई, जमल्यास एखादी छोटी जाहिरात उरकी, आणि साडेआठच्या ठोक्याला पुढचा कार्यक्रम. जी, ई, सी हे तीन सूर म्हणजे तारेवरच्या सगळ्या तंत्रज्ञांना ‘आता बदला’ हा इशारा. आधी निवेदक हातात लहान घंटांचा संच धरून तो लाकडी हातोडीने वाजवत. सूर पुढेमागे व्हायचे, जोर कमीजास्त व्हायचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला यंत्र आलं आणि निवेदकाकडे फक्त बटण राहिलं. सीबीएस या दुसऱ्या नेटवर्ककडे सूर नव्हते. तिथे ‘धिस इज द कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम’ हे वाक्यच इशारा होतं. त्यामुळे हे वाक्य कार्यक्रमाच्या मध्ये चुकूनही उच्चारायचं नाही : एखाद्या दूरच्या केंद्रातला माणूस कार्यक्रम तोडून मोकळा व्हायचा.

आता साडेएकोणतीस मिनिटं गाठायची कशी? तालमीत निर्माता स्टॉपवॉच लावून संहितेच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिथवरचा वेळ टिपून ठेवी. शेवट मात्र उलटा मोजत. समजा, शेवटच्या धूनला २० सेकंद, श्रेयनामावलीला २५, प्रायोजकाच्या निरोपाला ३० आणि नेटवर्कच्या नावाला ५. एकूण ८०. म्हणजे २८ मिनिटं १० सेकंदांनी निवेदकाने शेवट सुरू केलाच पाहिजे. विनोदी कार्यक्रमात प्रेक्षक किती हसतील ते तालमीत कळत नाही, म्हणून निवेदकाकडे शेवटाचे दोन मसुदे असत, एक पूर्ण आणि एक छाटलेला. काचेपलीकडून निर्माता खुणा करी. बोट नाकावर ठेवलं तर वेळ अगदी बरोबर. दोन्ही हात रबर ताणल्यासारखे लांबवले तर सावकाश वाच. बोट हवेत गोल फिरवलं तर घाई कर. गळ्यावरून हात फिरवला तर थांब, लगेच. रोखलेलं बोट म्हणजे तुझी पाळी.

चांगला निवेदक वेग वाढवताना शब्द गिळत नाही. तो फक्त वाक्यांमधली विश्रांती कमी करतो. जुनी मुद्रणं ऐकताना शेवटच्या मिनिटाकडे लक्ष द्या : शब्दांचा वेग तोच असतो, मधली हवा मात्र गेलेली असते.

प्रश्न : निवेदक दिवसभर करायचे तरी काय? अर्ध्या तासात त्यांची चार वाक्यं येतात!

ती चार वाक्यं गाजलेल्या, प्रायोजित कार्यक्रमातली. नेटवर्कच्या पगारावरचा निवेदक दिवसभर पाळीवर असे : केंद्राचं नाव सांगणं, बातम्या, प्रायोजक नसलेले कार्यक्रम, आणि नुसतं तयार बसून राहणं. तार तुटली, की त्याने ताबडतोब दिलगिरीचं वाक्य म्हणायचं. वेळ भरायला स्टुडिओत पियानोवादकही हजर असे. तार जोडली गेल्यावर चालू कार्यक्रमात श्रोत्यांना कुठे आणून सोडायचं, हे ठरवणंही निवेदकाकडेच.

रात्री हॉटेलांतल्या नृत्यवाद्यवृंदांचं थेट प्रक्षेपण असे. निवेदक आणि एक तंत्रज्ञ तिथे जात, घड्याळ स्टुडिओच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवून घेत. सगळं बिनसे ते गाण्यांच्या यादीवरून. हक्कांची परवानगी लागत असल्याने यादी आधी मंजूर व्हायची. वाद्यवृंदाच्या प्रमुखाने ऐन वेळी गाणं बदललं, तर निवेदकाची पंचाईत. १९४१ मध्ये तर हक्कांच्या भांडणातून एएससीएपी या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेची सगळी गाणी नेटवर्कांवरून महिनोन्‌महिने गायब झाली, आणि निवेदकांना रोज एकोणिसाव्या शतकातली, हक्क संपलेली गाणी नव्या उत्साहाने सादर करावी लागली.

खरा पैसा पाळीत नव्हता. जाहिरात संस्था एखाद्या निवेदकाला प्रायोजित कार्यक्रमासाठी निवडे, तेव्हा पगारावर वेगळं मानधन मिळे. नाव झालं, की तो नोकरी सोडून मोकळा व्यवसाय करी आणि दुपारच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या मालिकांसाठी एनबीसीच्या रेडिओ सिटीतून मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सीबीएसच्या स्टुडिओत पळापळ करी. अट एकच : एका साबणाची जाहिरात करणाऱ्याने दुसऱ्या साबणाचं नाव घ्यायचं नाही. १९३७ मध्ये रेडिओ कलाकारांची एएफआरए ही संघटना उभी राहिली, तेव्हापासून मानधन आणि तालमीचे तास लेखी करारात येऊ लागले.

प्रश्न : माइकपासून ते किती अंतरावर उभे राहत? कागदाची सळसळ कशी ऐकू येत नाही?

अंतर माइकच्या जातीवर ठरे. १९२० च्या दशकातला कार्बन माइक सतत खरखरे, आणि त्यातले कण एकमेकांना चिकटून बसले की आवाज घुसमटे. मग त्याला हलकी टिचकी मारायची, अर्थात प्रक्षेपण चालू नसताना. कंडेन्सर माइकचा आवाज स्वच्छ, पण दमट हवेत तो तडतडे.

१९३० च्या दशकात आरसीएचा ४४ हा रिबन माइक आला आणि पुढची वीस वर्षं तोच चालला. फोटोंत दिसणारा मोठा, कोपरे छाटलेला, जाळीदार डबा तोच. आत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची अतिपातळ, चुण्यांची पट्टी टांगलेली असते. तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूंनी जवळजवळ बहिरा. म्हणून नट समोरासमोर, माइकच्या दोन अंगांना उभे राहत. ‘दूर निघून जाणं’ दाखवायला मागे सरायची गरज नसे, बाजूकडे दोन पावलं सरकलं की पुरे.

साधारण एक ते दोन फुटांवर आवाज नैसर्गिक येतो. त्याहून जवळ गेलं, की खर्ज फुगतो. काही निवेदकांच्या आवाजात जी मखमल वाटते ती पुष्कळदा या फुगवट्याची असते. रात्री उशिराच्या कार्यक्रमात ती शोभते, पण बातम्यांत शब्द एकमेकांत मिसळतात. जवळ उभं राहायचं तर तोंड थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे प, फ, भ यांच्या हवेचा झोत पट्टीवर पडत नाही. माइक चालू आहे का ते फुंकर मारून पाहणं हा तिथे गुन्हाच होता. त्या एका फुंकरीने पट्टी ताणून सैल पडते आणि माइक दुरुस्तीला जातो.

कागदाबद्दल : संहितेच्या पिना काढून पानं सुटी करायची. कागद मऊ, न करकरणारा. वाचून झालेलं पान मागे घालायचं नाही. ते बाजूला सरकवायचं किंवा सरळ सतरंजीवर सोडून द्यायचं. एक वाक्य दोन पानांत तोडायचं नाही, हे टंकलेखकाला आधीच सांगून ठेवलेलं असे.

प्रश्न : जाहिरातींवर काही मर्यादा होती का? आणि विनोदी नट जॅक बेनीच्या कार्यक्रमात निवेदक नाटकात कसा काय शिरतो?

प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९३९ मध्ये ऐच्छिक संहिता केली. संध्याकाळच्या अर्ध्या तासात ३ मिनिटं, दिवसाच्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात ३ मिनिटं १५ सेकंद. मिनिटाला १५० इंग्रजी शब्द धरले तर संध्याकाळी सगळे मिळून ४५० शब्द. ते सुरुवात, मध्य आणि शेवट यांत वाटायचे. म्हणजे एका खेपेला दीड-दोनशे शब्द, आणि त्यात वस्तूचं नाव किती वेळा घ्यायचं तेही जाहिरात संस्था मोजून देई.

श्रोता जाहिरातीला उठून जातो हे सगळ्यांना कळत होतं. त्यावरचा तोडगा म्हणजे जाहिरातच गोष्टीत मिसळणं. ‘फिबर मगी अँड मॉली’ या विनोदी मालिकेत निवेदक हार्लो विलकॉक्स पाहुण्यासारखा दारातून येई, गप्पा काही असोत, त्या प्रायोजक जॉन्सनच्या मेणापर्यंत नेऊन सोडी. फिबर त्याला चिडवायला ‘वॅक्सी’ म्हणे. या प्रकारात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं, असं आमचं मत : जाहिरात कधी सुरू झाली ते कळतच नाही. बेनीचा निवेदक डॉन विल्सन याची तऱ्हा वेगळी. जॅक बेनी त्याच्या वजनावर कोट्या करायचा आणि तो हसत हसत जेल-ओ या जेलीच्या सहा स्वादांची नावं घ्यायचा.

विल्सनचं टिकणं हा अपवाद समजा. तो १९३४ मध्ये बेनीकडे आला, आणि जनरल टायर, जेल-ओ, ग्रेप-नट्स, लकी स्ट्राइक असे प्रायोजक बदलले तरी राहिला. एरवी प्रायोजक गेला, की निवेदकही जाई. लकी स्ट्राइक या सिगारेटवाल्यांनी मात्र ठासून करायच्या जाहिराती त्याच्या हाती दिल्याच नाहीत. त्यासाठी वेगळे आवाज होते, आणि तंबाखूच्या लिलावात खरोखर बोली पुकारणारी माणसं होती.

प्रश्न : थेट प्रक्षेपणात चूक झाली तर?

सर्वांत प्रसिद्ध चूक तरुण हॅरी वॉन झेलची. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या गौरवाचं लांबलचक निवेदन, त्यात नाव पुन्हा पुन्हा, आणि एका जागी तोंडून निघालं ‘हूबर्ट हीवर’. कारण साधं आहे. दोन्ही नावं ‘ह’ने सुरू होतात, दोन्ही दोन अवयवांची, त्यामुळे मेंदू पुढच्या नावाचा स्वर आधीच उचलतो. नाव जितकं ओळखीचं तितका धोका जास्त, कारण अनोळखी नावावर आपण आपोआप सावकाश होतो. उपाय म्हणजे अशा जोडनावांत पेन्सिलीने उभी रेघ मारून तिथे कणभर थांबणं. चुकल्यावर नियम असा, की अर्थ बिघडला असेल तर एकदा दुरुस्त करायचं, नाहीतर तसंच पुढे जायचं. दुसऱ्यांदा दुरुस्त करायला गेलेला माणूस हमखास तिसऱ्यांदा घसरतो. वॉन झेलची कारकीर्द काही बुडाली नाही. तो पुढे विनोदी जोडी बर्न्स आणि ॲलन यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत वर्षानुवर्षं दिसला.

पूर्व किनाऱ्यावरचे बरेच कार्यक्रम पश्चिमेसाठी तीन तासांनी पुन्हा सादर होत, तेही थेट. एनबीसी आणि सीबीएस मुद्रित कार्यक्रम लावत नसत. त्यामुळे तेच निवेदन एका रात्रीत दोनदा, आणि दुसऱ्या वेळी डोळे कागदावर नुसते फिरत असल्याने चुका जास्त.

प्रश्न : हिंडेनबर्ग या जळून पडलेल्या जर्मन हवाई जहाजाच्या दुर्घटनेचं वर्णन करणाऱ्याचा आवाज एवढा चिरका का?

६ मे १९३७ ला लेकहर्स्ट इथे हर्बर्ट मॉरिसन आणि त्याचा तंत्रज्ञ तबकडीवर मुद्रण करत होते. ते थेट प्रक्षेपण नव्हतं. लोकांनी ते दुसऱ्या दिवशी ऐकलं, आणि एनबीसीने त्यासाठी मुद्रणाविरुद्धचा स्वतःचा नियम बाजूला ठेवला. यंत्र किंचित मंद फिरत होतं, त्यामुळे योग्य वेगाने वाजवलं की आवाज उंच आणि घाईचा येतो. मॉरिसनचा मूळ आवाज बराच खालचा होता. भावनावेग खरा आहे, चिरकेपणा बराचसा यंत्राचा.

तुमच्या संग्रहातल्या इतर फिती तपासायच्या असतील, तर मागची विजेची घरघर शोधा. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. संगणकावर ती ६२ ला दिसली, तर सगळं मुद्रण त्या प्रमाणात, म्हणजे ३ टक्क्यांच्या वर, वेगात आहे. तेवढा वेग कमी करा. फक्त ती घरघर मूळ मुद्रणातलीच आहे, नंतरच्या नकलेतली नाही, याची खात्री करून घ्या. दोन वेगळ्या घरघरी दिसल्या, तर बिनचूक ६० ची शेवटच्या नकलेतली असण्याचा संभव जास्त.

प्रश्न : मैदानावर न जाता बेसबॉलचं वर्णन करत, ही फसवणूक नाही का?

तारेचं भाडं परवडत नसे, म्हणून सामना तारायंत्राने यायचा. डि मॉइनच्या डब्ल्यूएचओ केंद्रात रोनाल्ड रेगन शिकागो कब्जचे सामने असेच सांगत. काचेपलीकडे तारमास्तर चिठ्ठी टंकून देई. त्यावर ‘एस१सी’ एवढंच : पहिला स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू), फलंदाजाने बॅट न फिरवलेला. चेंडू कुठून आला, फलंदाजाने टोपी कशी सावरली, हे सगळं निवेदकाच्या पदरचं. एकदा तार बंद पडली, तेव्हा फलंदाजाला एकामागून एक फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारायला लावून काही मिनिटं काढली, हे रेगन यांनी पुढे स्वतःच अनेकदा सांगितलं. फाउलच का? कारण दुसऱ्या स्ट्राइकनंतरचे फाउल धावफलकात कुठे नोंदले जात नाहीत, म्हणून नंतर खोटं पडायची भीती नाही. फसवणूक म्हणाल तर थोडी आहेच. तारायंत्राची टकटक ऐकू येऊ देणारे निवेदक आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतात.

प्रश्न : स्त्री निवेदक का नव्हत्या?

होत्या, पण त्यांना वर येऊ दिलं नाही. बर्था ब्रेनार्ड १९२२ पासून डब्ल्यूजेझेडवर बोलत होती, ती एनबीसीत मोठ्या पदावर पोचली, पण व्यवस्थापनात. १९३० च्या दशकाच्या मध्यात एनबीसीने एल्सी जॅनिसला निवेदक म्हणून घेतलं आणि तक्रारी येताच तिचं काम आखडतं घेतलं. यंत्रांना उंच आवाज नीट पेलत नाही, ही सबब कार्बन माइकच्या काळात थोडी तरी खरी होती. रिबन माइक आल्यावर तीही उरली नाही.

प्रश्न : हे लोक पुढे गेले कुठे?

१९४६ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने एबीसी या नेटवर्कवर आपला कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर मुद्रित करून लावायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी चुंबकीय फीत आली, आणि चूक कापून टाकता येऊ लागल्यावर न चुकणाऱ्या माणसाचा भाव उतरला. स्थानिक केंद्रांत तबकड्या लावत गप्पा मारणारे आले, नाटकं दूरचित्रवाणीवर गेली. सीबीएसच्या शेवटच्या दोन नाट्यमालिका ३० सप्टेंबर १९६२ ला संपल्या. डेट्रॉइटमध्ये ‘ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेचं निवेदन करणारा माइक वॉलेस बातमीदार झाला. १९३८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या मंगळवासीयांच्या स्वारीवरच्या गाजलेल्या नभोनाट्याची सुरुवात करणारा डॅन सेमूर जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेचा अध्यक्ष झाला, म्हणजे टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. मिल्टन क्रॉस मात्र १९३१ च्या नाताळापासून १९७५ मध्ये वारेपर्यंत मेट्रोपॉलिटन ऑपेराचं निवेदन करत राहिला.

प्रश्न : आमच्या नाट्यगटाला त्या काळासारखं नभोनाट्य बसवायचं आहे. निवेदन तसं वाटावं म्हणून काय करावं?

आवाज जड करू नका. बहुतेक हौशी गट इथेच फसतात, आणि मग ते नक्कल वाटतं. त्या काळच्या तारांतून सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचं काही जात नसे, त्यामुळे स आणि फ यांतला फरक पुसट व्हायचा. निवेदक म्हणून व्यंजनं कोरून बोलत आणि वाक्याचा शेवटचा शब्द खाली पडू देत नसत. हेच आधी जमवा. मुद्रणात १०० च्या खालचं आणि ५००० च्या वरचं कापा, म्हणजे असं बोलणं का लागायचं ते तुमच्याच कानांना कळेल.

१५० शब्दांचा आकडा मराठीला लावू नका. आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात. निवेदकाला त्याच्याच संहितेतला मजकूर ३० सेकंद वाचायला लावा, शब्द मोजा आणि त्या हिशोबाने पानं आखा. दोन ओळींत भरपूर जागा सोडा, श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा. वाद्यवृंद नसेल तर धून निवेदनाच्या आधी ८ ते १० सेकंद पूर्ण आवाजात वाजू द्या, मग निम्म्याहून खाली उतरवा. ती उतरल्यावरच पहिला शब्द यावा, उतरत असताना नव्हे. निवेदक उभाच राहू द्या, आणि त्याला घड्याळ दिसेल अशा जागी माइक ठेवा.